स्टाऊटच्या गाईची साक्ष

सिनेमावाल्यांना कोर्टात रडणारं एक मूल हवं होतं, म्हणून त्यांनी मला घेतलं. माझी जून तेव्हा सात महिन्यांची होती आणि रडण्यात तिचा हात धरणारं आमच्या रेड वॉश गावात दुसरं कुणी नव्हतं. पण त्या खोट्या गावात पाऊल टाकल्यापासून ती जी गप्प झाली ती झालीच. डोळे मोठे करून नुसती बघत राहिली. मी तरी दुसरं काय करत होते?

आमच्या दरीच्या तोंडाशी सिनेमावाल्यांनी फळ्यांची एक गल्ली उभी केली आहे. पुढून बँक, दारूचा गुत्ता, न्हाव्याचं दुकान, आणि मागून सगळ्यांना वाशांचे टेकू. दर मे महिन्यात लॉस एंजेलिसहून ट्रक येतात आणि गावातली निम्मी माणसं दाढ्या चिकटवून तिथं कामाला जातात. त्या वर्षीचा सिनेमा हसण्याचा होता. त्यात एक न्यायाधीश न्हाव्याच्या खुर्चीत बसून न्याय करतो. गालाला साबण लावला की खटला सुरू, आणि दाढी संपायच्या आत माणूस सुटला पाहिजे नाहीतर लटकला पाहिजे. लटकवायचा दोर बाहेरच्या झाडाला आधीच बांधून ठेवलेला. न्यायाधीशाचं काम करणारे मिस्टर बॅनिंग न्यूयॉर्कचे. आवाज ढगासारखा, पण गाय शेजारून गेली तरी खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचे.

जूरीतले बारा जण म्हणजे आमच्या चर्चमधलेच बारा जण. पुढारी म्हणून बिशपच उभे; आमच्यात बिशप गावातलाच कामकरी माणूस असतो, हे एरवी शाळेची बस चालवतात. दारू म्हणून ग्लासात थंड चहा भरला होता. आमच्या चर्चला दारूइतकाच चहाही वर्ज्य, म्हणून बिशपनी वास घेतला आणि ग्लास निमूट परत केला, मग बाकीच्या अकरांनीही केला. शेवटी सफरचंदाचा रस आणावा लागला, त्यात अर्धा तास गेला.

त्या दिवशीच्या प्रसंगात दोन माणसं एका वासरावरून भांडतात. न्यायाधीश म्हणतो, वासरू सोडा, ज्या गाईकडे जाईल त्या गाईच्या मालकाचं. हे काही सिनेमावाल्यांच्या डोक्यातून निघालेलं नव्हे, आमच्याकडे खरोखरच तसं ठरवतात. तर दोन गाई आणि एक वासरू हवं होतं. ऑर्विल स्टाऊटनं त्याची पांढऱ्या तोंडाची गाय आणली. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे हायरम हॅडलॉक यांनी, आमची दुभती डॉली आणि बटन नावाचं वासरू आणलं.

सासऱ्यांना मी पा म्हणते. पांबद्दल एक गोष्ट सांगितली की पुढचं सगळं कळेल. आमच्या पठारावर पंधरा घरांची गुरं एकत्र चरतात. मे महिन्यात सगळी गोळा करून नव्या वासरांना तापल्या लोखंडानं मालकाच्या खुणेचा डाग द्यायचा. घोडेस्वार वासराला दोर टाकून विस्तवापाशी ओढत आणतो, त्याच्यामागे आई धावत येते. विस्तवापाशी उभा असलेला माणूस आईच्या अंगावरचा डाग बघतो आणि मालकाचं नाव मोठ्यानं हाकारतो. त्या नावाचं लोखंड वासरावर टेकतं. पुन्हा कुणी तपासत नाही. ज्याच्या नजरेवर आणि जिभेवर पंधरा घरांचा भरवसा, तोच तिथं उभा राहतो. अकरा वर्षं तिथं पा उभे राहत होते. त्या वर्षीची डागणी पुढच्या गुरुवारवर आली होती.

बटन त्यांनी सोळा दिवसांपूर्वी खोगिरावर आडवं टाकून घरी आणलं होतं. वरच्या ओढ्याला अचानक पाणी आलं होतं. आमची एक गाय गाळात मरून पडली होती आणि हे शेजारी उभं, कानापर्यंत चिखल. पांनी त्याच दिवशी त्याला आमचा डाग दिला आणि माझ्या हाती सोपवून म्हणाले, बाटलीचं तूच बघ, तुझा हात बसलाय. मग माझं रोजचं चित्र असं: डावीकडे जून अंगावर पितेय, उजव्या हातात बटनची बाटली, आणि दोघंही एकाच वेळी मला ढुशा देताहेत. बटन लबाड होतं. बाटली संपली की कुंपणातून घुसून डॉलीच्या मागच्या पायांतून तोंड घालायचं आणि तिच्या लक्षात येईपर्यंत चार घोट चोरायचं.

सिनेमावाले सुट्या गाईपेक्षा मायलेकरांच्या जोडीला जास्त भाडं देत होते. पांनी सांगून टाकलं, ही जोडीच आहे. मी ऐकलं, आणि मला हसू आलं होतं.

माझं मूल रडेना म्हणून दिग्दर्शकानं मला कॅमेऱ्यापासून लांब, गाईंच्या शेपटीच्या बाजूला नेऊन उभं केलं. जूरी गाईंच्या तोंडासमोर. दोन्ही गाई हलू नयेत म्हणून त्यांच्यापुढे ओटच्या बादल्या ठेवल्या होत्या. मिस्टर बॅनिंगच्या गालांना साबण फासला गेला, त्यांनी हुकूम सोडला आणि बटनला मोकळं केलं.

त्यानं डॉलीकडे जायचं होतं. ते थेट स्टाऊटच्या गाईकडे गेलं, मागच्या पायांतून डोकं घातलं आणि शेपूट हलवत प्यायला लागलं. दिग्दर्शक हसला आणि पुन्हा घ्या म्हणाला. दुसऱ्यांदाही तेच झालं, तिसऱ्यांदाही. मग त्यानं जूरीला ओरडून सांगितलं की आता तुम्ही खो खो हसायचं आहे. पण जूरी हसेना. बारा दाढ्या एका ओळीत गप्प उभ्या होत्या.

हॅडलॉकचा डाग असलेलं वासरू स्टाऊटच्या गाईला पितंय, याचा आमच्या पठारावर एकच अर्थ होतो. त्यात त्याच पाण्याच्या दिवशी स्टाऊटच्या ह्याच गाईचं वासरू नाहीसं झालं होतं. तेव्हापासून तो तिला हातानं पिळत होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

स्टाऊटही त्या बारांतलाच, तो जूरीतून बाहेर आला. वाकून त्यानं बटनच्या मांडीवरची धूळ बाहीनं पुसली. डाग अजून नीट सुकलाही नव्हता.

"ब्रदर हॅडलॉक," तो चर्चमधल्या रीतीनं म्हणाला, "हे तुमच्या डॉलीचं ना?"

पांनी घसा साफ केला. "डॉलीचं नाही. बाटलीवरचं आहे."

"सकाळी जोडी म्हणून सांगत होतात."

"ते सिनेमावाल्यांना सांगितलं."

"अच्छा. म्हणजे माणूस बघून सांगता."

ह्या दोघांचं मागच्या पानगळीपासून पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद होतं, त्यामुळे एकमेकांना तुम्ही-तुम्ही चाललं होतं. बिशप मधे पडले आणि म्हणाले, ही काही जागा नव्हे, रविवारी बसून बोलू. तर मागून कुणीतरी म्हणालं की जागेला काय झालंय, न्यायाधीश आहे, बारा माणसं आहेत, दोरसुद्धा आहे. हे गमतीत म्हटलं होतं. पण नंतर दोन-तीन माणसांनी त्या झाडाकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. खोटा दोर, खोटी दाढी, पिस्तुलात गोळी नाही. पांना कुणी लटकवणार नव्हतं. पण गुरुवारी विस्तवापाशी कोण उभं राहणार हे तिथंच ठरत होतं, आणि ते पांनाही कळत होतं. त्यांनी टोपी काढून परत घातली.

एवढ्या पुरुषांसमोर मी चर्च सोडून कधी तोंड उघडलं नव्हतं. डेल, माझा नवरा, युरेनियमच्या खाणीवर कामाला, शनिवारशिवाय घरी नाही. तो असता तर तो बोलला असता. मी जूनला दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही सगळे पुढून बघताय. मी मागून बघितलंय. ते मागच्या पायांतून पितंय."

काही माना वळल्या. आपल्या आईचं वासरू बाजूनं पितं, शेपूट आईच्या तोंडाकडे करून, म्हणजे तिला ते हुंगता येतं. मागून पितो तो चोर. हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती.

"तू त्यांची सून," स्टाऊट म्हणाला. तोडून बोलला नाही, नुसतं म्हणाला.

"मग माझं नका ऐकू. वासराचंही नका ऐकू. भुकेलं लेकरू काय, कुणाचंही पिईल. ही जून उद्या तुमच्या घरच्या सिस्टर स्टाऊटच्याही अंगाला झोंबेल." कुणीतरी खाकरलं. स्टाऊटचे कान लाल झाले. "गाईला विचारा. सकाळपासून तिचं तोंड बादलीत आहे, मागं कोण आहे हे तिला ठाऊकच नाही. बादली काढा आणि वासरू तिच्या नाकासमोर उभं करा. तिचं नसेल तर लाथ घालील."

माझी खात्री होती. पा म्हणाले होते आपल्या गाईचं, मग ते आपल्या गाईचंच.

बिशपना पटलं, स्टाऊटलाही पटलं. फक्त बटनला पटलं नाही. तीनदा पोटभर पिऊन ते ढोलासारखं फुगलं होतं आणि सरळ धुळीत पाय दुमडून झोपी गेलं. त्याला पुन्हा भूक लागेपर्यंत थांबणं आलं. दिग्दर्शक घड्याळ दाखवून उन्हाबद्दल काहीबाही बोलला. पण मिस्टर बॅनिंग म्हणाले की मी आजवर शंभरेक माणसांना शिक्षा दिल्यात आणि खरं काय घडलं होतं हे मला एकदाही कळलेलं नाही, आज कळतंय तर बघू दे. त्यामुळे सगळ्यांना जेवणाचे डबे वाटले.

पा वाशांच्या सावलीत एकटे बसले होते. हॅमचं सँडविच कागदातच. मी शेजारी बसून जूनला पदराआड घेतलं, म्हणजे सिनेमावाल्यांनी मला दिलेल्या जुन्या काळच्या शालीआड.

"पोरी, तुझी खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुम्हीच तर म्हणालात ना, आपल्या गाईचं आहे."

त्यांनी बटनकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपल्या गाईजवळ उभं होतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ह्या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे ते मला तोवर दिसलंच नव्हतं. त्यांनाही नसावं. ते म्हणाले, गाईच्या अंगावर आपला डाग पाहिला, शेजारी वासरू पाहिलं, आणि हात आपोआप लोखंडाकडे गेला. अकरा वर्षं तो तसाच जातोय.

मी हळूच म्हटलं, बिशपना सांगू का, राहू दे म्हणून, रविवारी बसू म्हणून.

"आणि मग?" ते म्हणाले. एवढंच. सँडविच त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं, उठले आणि बटनचा दोर सोडायला गेले.

चारच्या सुमारास बटननं भुकेचा पहिला आवाज काढला. स्टाऊटनं गाईपुढची बादली उचलली. गाय बादली गेली म्हणून वैतागून इकडेतिकडे बघू लागली. ह्या खेपेला कुणीही सांगितलेल्या जागी उभं राहिलं नाही, सगळ्यांनी गोल केला. मिस्टर बॅनिंगसुद्धा खुर्चीतून उतरून दहा पावलं पुढे आले. बटनला पांनी स्वतः धरून आणलं आणि तिच्या नाकाशी उभं केलं.

तिनं त्याच्या पाठीचा वास घेतला. तिथं काय असणार? माझा हात, दुधाची पावडर, जळलेले केस. ती फुस्स करून मागं सरली आणि तिनं डोकं खाली घातलं. माझ्या शेजारच्या माणसानं श्वास सोडला. मी मनात म्हटलं, आता लाथ घाल, बाई.

तिनं लाथ घातली नाही. नाक पुढे आणून गळ्याखाली नेलं, मग कानामागं, आणि तिथंच ठेवलं. मग तिच्या घशातून तो आवाज आला. ते हंबरणं नव्हतं. तोंड मिटलेलं ठेवून काढलेला, खोल, जेमतेम ऐकू येणारा. आमच्या गोठ्यात गाय व्याली की मी तो ऐकलाय. जूनला उचलून छातीशी घेताना माझ्याही तोंडून तसलाच काहीतरी निघतो, मला तो काढावा लागत नाही. तिनं जीभ बाहेर काढली आणि बटनच्या मांडीवरचा डाग चाटायला लागली. बटननं तोंड लावायच्या आधीच ती पान्हावली, चारही आचळांतून धुळीत थेंब पडायला लागले. आणि माझंही तेच झालं. सिनेमावाल्यांचा तो उंच गळ्याचा पोशाख पुढून ओला झाला. मी शाल ओढून घेतली.

बटन ह्या वेळी बाजूनं प्यायलं, शेपूट तिच्या तोंडाकडे करून.

पांनी टोपी काढली. "वासरू ऑर्विलचं," ते म्हणाले, "माझ्या मेलेल्या गाईजवळ उभं होतं, मी तिचं धरलं. तिचं स्वतःचं वाहून गेलं असणार. हे असं झालं. गुरुवारी विस्तवापाशी दुसरा माणूस उभा करा."

इतक्या दिवसांच्या सवयीनं सगळ्यांनी मिस्टर बॅनिंगकडे पाहिलं. ते आधी मागं वळून बघायला लागले, कुणाकडे बघताहेत म्हणून. मग म्हणाले, "मला गुरांतलं काही कळत नाही. पण एक विचारू का? ह्या माणसानं ते चोरलं असतं, तर आज सगळ्या गावादेखत, ह्याच गाईच्या शेजारी आणून बांधलं असतं का?"

गालावर साबण वाळून पापुद्रे निघालेला माणूस असं काही विचारील असं कुणाला वाटलं नव्हतं. आणि हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं. त्यांनी पुढे विचारलं की आता साबण पुसला तर चालेल का.

स्टाऊट दाढी खाजवत होता. ती हातात आली. ती मुठीत तशीच धरून तो म्हणाला, "पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या ओढ्यात गेलो होतो. तुझी गाय पाहिली होती, हायरम. सांगायला आलो नाही. पाटावरून डोकं फिरलेलं होतं माझं. आलो असतो तर वासराची गोष्ट निघालीच असती."

तो तू म्हणाला हे मी ऐकलं. पांनीही ऐकलं असावं, कारण ते मान हलवत राहिले.

मग खरी पंचाईत स्टाऊटच्याच लक्षात आली. आता त्याच्या गाईमागं हॅडलॉकचा डाग असलेलं वासरू पठारभर फिरणार. "म्हणजे आता चोर मी," तो म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच जूरी हसली. दिग्दर्शक तेव्हा नेमका कॅमेरा बंद करून डबा खात होता. कुणी म्हणालं, जुन्या डागाशेजारी नवा डाग द्या. मी नको म्हटलं, एवढ्याशा अंगावर किती भाजायचं? मग कागद करायचं ठरलं. पांनी सिनेमातल्याच न्यायाधीशाच्या टेबलावर बसून लिहिलं की माझा डाग असलेलं हे वासरू ऑर्विल स्टाऊटचं आहे आणि त्याचंच होतं. बिशपनी साक्षीदार म्हणून सही केली. मिस्टर बॅनिंगनाही करायचीच होती. त्यांनी आधी सिनेमातलं नाव लिहिलं. बिशप म्हणाले, खोटं चालणार नाही, तेव्हा ते खोडून त्यांनी खरं लिहिलं. ते सिनेमातल्यापेक्षा बरंच साधं निघालं.

गाय आणि बटन पुढे, स्टाऊट मागं, असे ते निघाले. बटननं एकदाही वळून पाहिलं नाही. मी मात्र बघत राहिले. स्टाऊट गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि गाईला तिथंच सोडून परत आला.

"गुरुवारी तूच उभा राहा," तो पांना म्हणाला. "पण सुनेला शेजारी घे. तू डाग बघ. ती गाय बघेल."

डागणीला आमच्या बायका लांब ट्रकपाशी बीन्स शिजवतात. विस्तवापाशी बाई उभी राहिलेली मी तरी ऐकलेली नाही. पांनी माझ्याकडे पाहिलं, मी जूनकडे पाहिलं. ती बाहेरच्या झाडाकडे बघत होती, वाऱ्यानं तो दोर हलत होता म्हणून.

गुरुवारी मी जूनला कडेवर घेऊन उभी राहिले. पहिलं वासरू दोरानं ओढत आलं, मागं गाय. पांनी डाग पाहिला, तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे पाहिलं. गाईनं वासराच्या कानामागं नाक घातलं, तो आवाज आला, मी मान हलवली, मग त्यांनी नाव हाकारलं. अशानं दुप्पट वेळ लागत होता. लोखंड निवत होतं, घोडेस्वार कुरकुरत होते. स्टाऊट तेवढा म्हणत होता, लागू दे वेळ.

सातवं वासरू आलं. मागच्या गाईनं त्याला हुंगलं आणि ती पुढं निघून गेली. पांनी उचललेला हात तसाच हवेत ठेवला. लोखंड परत विस्तवात गेलं, आणि आम्ही सगळे धुळीत डोळे बारीक करून उभे राहिलो, त्याची आई कुठून येते ते बघत.